एकोणपन्नासचे हातचे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि गुरुजींचा गुणाकाराचा तासच डोळ्यांपुढे आला. त्यांची रीत आजच्या पालकांनाही घरी उपयोगी पडेल, म्हणून ती तपशिलानं मांडतो.

४७ गुणिले ३७ घ्या. सात सत्ते एकोणपन्नास. ९ मांडले, हातचे ४. पहिली चूक इथेच होते. 'एकोणपन्नास' म्हणताना कानावर पन्नास पडतं, मूल हातचे ५ धरतं. छप्पन्नमध्ये सहा आधी ऐकू येतात, म्हणून ५ खाली आणि ६ हातचे, असा उलटा प्रकार होतो. आपल्या बेळगाव भागातल्या मुलांच्या कानावर कन्नडही असतं. तिथे ४९ म्हणजे नलवत्तोंबत्तु: चाळीस आधी, नऊ मागून, लिहितो त्याच क्रमानं. अडलेल्या मुलाला गुरुजी तोच आकडा कन्नडात म्हणायला लावत. गणित शिकवताना दोन्ही भाषा अशा हाताशी घेणं मला फार मोलाचं वाटतं.

पुढे सात चोक अठ्ठावीस, अधिक ४, बत्तीस. पहिली ओळ ३२९. काही मुलं हातचे आधीच मिळवतात: ४ आणि ४ आठ, सात आठे छप्पन्न, उत्तर ५६९. नुसतं 'चूक' म्हणून भागत नाही, काड्या काढाव्या लागतात. सात-सात काड्यांचे सात ढीग, म्हणजे ४९ काड्या. दहा-दहाच्या ४ जुड्या बांधल्या, ९ सुट्या उरल्या. या जुड्या सातही ढिगांतून मिळूनच झाल्यात. त्यांना पुन्हा सातानं कशाला गुणायचं? त्या अठ्ठावीस जुड्यांत फक्त मिळवायच्या.

दुसऱ्या ओळीआधी जुने हातचे खोडायचेच. नाहीतर तीन चोक बारामध्ये तीन सत्ते एकवीसच्या हातच्या २ ऐवजी तोच ४ मिसळतो आणि १४१० ऐवजी १६१० येतात. एककाच्या घरात फुलीपेक्षा शून्य बरं, कारण आपण ३ नं नाही, ३० नं गुणतोय. वही चौकटीची घ्यावी, एका चौकटीत एकच अंक.

३२९ अधिक १४१०, उत्तर १७३९. शून्य विसरलं तर ४७० येतात, आणि नवाचा ताळा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करून उत्तर पडताळणं, ही चूक पकडत नाही: १७३९ च्या अंकांची बेरीज शेवटी २ आणि ४७० चीही २. म्हणून आधी अंदाज हवा. पन्नास गुणिले चाळीस, दोन हजार. त्याच्या शेजारी ४७० लिहून दाखवा, मूल स्वतःच वही मागे ओढून घेतं.