आमची वाटचाल : गिरणगावच्या जुन्या इमारतींसोबत

लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड. मुंबईच्या या गिरणी कामगारांच्या भागातल्या जुन्या इमारती तपासायच्या, त्यात काय टिकवण्याजोगं आहे आणि ते कसं टिकेल हे लिहून द्यायचं, हा आमचा व्यवसाय. 2009 साली एक वास्तुविशारद आणि एक स्ट्रक्चरल इंजिनिअर अशा आम्ही दोघांनी तो सुरू केला.

तेव्हा गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते : महापालिका, म्हाडा आणि मालक. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. वाद जमिनीचा होता. जमिनीवर उभ्या असलेल्या शेडबद्दल फार थोडे लोक बोलत होते.

आमचं पहिलं मोठं काम अशाच एका शेडचं, साचाखात्याचं, म्हणजे जिथे मागांवर कापड विणलं जायचं त्या खात्याचं. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, त्याच्या काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड. खाली बिडाचे पोकळ खांब. ओतताना आतला गाभा जरा जरी सरकला असेल, तरी खांबाची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. बाहेरून ते दिसत नाही. म्हणून खांबाच्या तीन बाजूंना बारीक भोक पाडून जाडी मोजावी लागते. या शेडमध्ये आयुष्य काढलेले एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आमच्याबरोबर फिरले. साचे कुठे होते, ते चालवणारे पट्टे कुठून फिरायचे, हे त्यांनी जमिनीवरच्या खुणांवरून दाखवलं. आमच्या नकाशात ती माहिती आली म्हणून शेडचा अर्थ लागला. तेव्हापासून जुन्या कामगाराला बरोबर घेतल्याशिवाय आम्ही गिरणीची पाहणी करत नाही.

आता मात्र बरंचसं काम चाळींचं आहे. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावं लागतं आणि त्यासाठी ज्या चाचण्या सर्रास होतात त्या काँक्रीटसाठी आहेत. सागवानी सांगाडा आणि चुन्यातली वीट यांना रिबाउंड हॅमर, म्हणजे ठोका देऊन काँक्रीटची ताकद अजमावणारं उपकरण, लावून काय कळणार? तरी तसे अहवाल आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्या आधारावर माणसांनी घरं सोडलेलीही पाहिली आहेत. याचा आम्हाला मनापासून राग येतो. सागवान सहसा मधे कुजत नाही. ते कुजतं भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकाला, त्यातही मोरीच्या बाजूला. तिथला गिलावा काढायचा, टोचणी घालून पाहायची, गरज पडली तर लाकडाची आतली घनता मोजणारं ड्रिल वापरायचं. अनेकदा टोकाचा तुकडा बदलून, लोखंडी पट्ट्या बसवून तुळई वाचते. दुसरं दुखणं दुरुस्तीनेच आणलेलं : चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. ओल आत कोंडते, लाकूड आणि लोखंडी गर्डर दोन्ही सडतात, आणि फुगलेल्या गंजाने भिंतीला तडे जातात.

मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे, श्रेणी एक, दोन, तीन. त्या चौकटीत दर्शनी भागाची कलाकुसर चटकन दिसते, चाळीची सामाईक गॅलरी दिसत नाही. पण गिरणगावाचा वारसा त्या गॅलरीत आहे, तळमजल्यावरच्या तालमीत आहे, पाळीपाळीने झोपणाऱ्यांच्या गाळ्यात आहे. घराघरातल्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. 1975 मध्ये कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमाताई पुरवांबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांनी. 1982 च्या गिरणी संपाचे दिवसही अनेक कुटुंबांनी याच खोल्यांत काढले. म्हणून आमच्या अहवालात रहिवाशांच्या आठवणींचं स्वतंत्र प्रकरण असतं, कोणती खोली कशासाठी वापरली गेली याच्या नकाशासकट.

मोठं घर हवं, स्वतःचं संडास-बाथरूम हवं, ही रहिवाशांची मागणी रास्तच आहे. एकशेसाठ चौरस फुटांत तीन पिढ्या राहाव्यात असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पाडायचं ठरलं तरी आधी पूर्ण मोजणी, छायाचित्रं आणि आठवणींची नोंद व्हावी, आणि निघालेलं चांगलं सागवान भंगारात न जाता शेजारच्या चाळीच्या दुरुस्तीला लागावं, यासाठी आम्ही भांडतो.

आज आमच्याकडे आठ माणसं आहेत, त्यात दोन सुतार आणि चुन्याचं काम जाणणारे एक गवंडी. दर एप्रिल-मे मध्ये, पावसाआधी, चाळ समित्यांसाठी आम्ही विनामूल्य पाहणी करतो : गॅलरीचे ब्रॅकेट, जिन्याची पायरी, पन्हळी, मोऱ्यांची गळती. समितीने फक्त गच्चीची किल्ली आणि चाळीची माहिती असलेला एक जुना रहिवासी सोबत द्यावा.