बॅकहँडचं रबर: तीन चुका आणि एक लाटणं

माझ्या बॅकहँडवर आमच्या टेबल टेनिसच्या हॉलमधल्या सगळ्यांचा गाढ विश्वास आहे. नऊ-नऊ झाले की बॉल हमखास तिकडेच येतो.

मी डोंबिवलीची. वय सत्तेचाळीस, नोकरी फोर्टात. कॉलेजपर्यंत टेबल टेनिस खेळले, मग पंचवीस वर्षं लोकल, डबे आणि सासर-माहेर. लेकाला कोचिंगला सोडता सोडता पुन्हा बॅट हातात आली. मी खेळ सोडला तेव्हा गेम 21चा होता आणि बॉल 38 मिलिमीटरचा, सेल्युलॉइडचा. परत आले तर गेम 11चा, बॉल 40चा आणि तोही प्लॅस्टिकचा. आमच्या वेळी रबर चिकटवायला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावायचे, सगळा हॉल त्या वासाने भरून जायचा. 2008 साली तसल्या सोल्युशनांवर बंदी आली आणि आता पाण्याचा गोंद असतो, हे मला दुकानदाराकडून कळलं.

परतल्यावर दोन वर्षं दोन्ही बाजूंना एकच रबर होतं, चिनी, चिकट, हरिकेन 3. फोरहँडला ते मला अजूनही प्रिय आहे. बॅकहँडला मात्र दर तिसरा बॉल नेटमध्ये. लेकाचे सर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते एकदा म्हणाले, "ताई, फोरहँडला तुमचे पाय, कंबर, खांदा सगळे कामाला लागतात. बॅकहँडला बॅट पोटासमोर असते, मागे न्यायला जागाच नाही. कोपर, मनगट आणि वीतभर स्विंग. एवढ्याशा ताकदीत हा कडक स्पंज दबतच नाही." रबराच्या खालचा हा स्पंज दबला नाही की बॉल नुसता वरच्या रबराला टेकतो आणि खाली पडतो. कित्येक चिनी खेळाडूसुद्धा फोरहँडला चिकट चिनी रबर आणि बॅकहँडला जपानी लावतात, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणजे मऊ स्पंज घ्यायचा. इथे पहिली चूक. एका पाकिटावर 42.5 अंश लिहिलेलं, दुसऱ्यावर 37. मऊ तर 37च, शिवाय स्वस्त. घेतलं, चिकटवलं, आणि पहिल्याच दिवशी वाटलं की पाटावर बॉल आपटतेय. मग कळलं की 37 हे चिनी मोजमाप होतं आणि 42.5 जर्मन. दोन्ही अंशच, पण फूटपट्टी वेगळी. चिनी 37 हे जर्मन 42.5पेक्षा चांगलंच कडक निघतं. जपानी कंपन्यांचे आकडे आणखी तिसरेच, तिथे पस्तीस-छत्तीस दिसलं म्हणून हुरळायचं नाही. तेव्हापासून मी पाकिटावरचा आकडा वाचते, पण तुलना एकाच कंपनीच्या दोन रबरांतच करते. बाकी अंगठ्याने दाबून बघणं बरं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. रागाच्या भरात मी त्या दुकानातलं सगळ्यात भारी रबर उचललं. वेगवान, उसळीचं, स्पंज मॅक्स. नियमाने वरचं रबर, स्पंज आणि गोंद मिळून 4 मिलिमीटरच्या वर जाता येत नाही, त्यामुळे मॅक्स म्हणजे दोन मिलिमीटरहून जरासा जाड स्पंज. पैसे किती गेले ते घरी अजून माहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. रबरात खोट काहीच नव्हती. ज्याच्या हाताला वेग आहे त्याच्यासाठी ते सोनं आहे. माझ्या हातात मात्र नुसता ब्लॉक केला, म्हणजे बॅट फक्त आडवी धरली, तरी बॉल बेचकीतून सुटल्यासारखा टेबलाबाहेर. मी घाबरून हात आखडता घ्यायला लागले. आखडलेल्या हाताने खेळलं की तेच रबर बॉल नेटमध्ये टाकतं. शिवाय मनगट दुखायला लागलं. घरच्या किराणा मोजायच्या काट्यावर बॅट ठेवली, तर 193 ग्रॅम.

याच सुमारास हॉलमधले काका मदतीला आले. काका एकाहत्तरचे, बॅकहँडला लांब पिंपल (बाहेरून उभे दाणे असलेलं रबर), आणि त्यांच्यासमोर खेळताना आपण आजवर शिकलेलं सगळं उलटं होतं. त्यांच्या तरुणपणी बॅटच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालायच्या. मागे साधं रबर आणि पुढे पिंपल, बॅट हातात फिरवायची, समोरच्याला पत्ताच नाही. पुढे दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले, याचं काकांना अजून वाईट वाटतं. "अगं, पिंपल लाव. मनिका बत्रा काय लावते?" हे त्यांचं पालुपद. मुद्दा बिनतोड होता. मनिकाने 2018च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गोल्ड कोस्टला एकेरीचं सुवर्ण घेतलं ते बॅकहँडच्या लांब पिंपलवर. ऐहिका मुखर्जीने 2024मध्ये बुसानला चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, तेही बॅकहँडला अँटी-स्पिन (फिरकी न धरणारं रबर) लावून. भारतीय बायकांची ही खास वाट आहे म्हणायला हरकत नाही.

काकांची जुनी बॅट मी आठवडाभर घेतली, ही तिसरी चूक. पहिले दोन दिवस मी राणी होते. लांब पिंपल वाकतात, बॉलला धरत नाहीत, म्हणून आलेला स्पिन जवळजवळ तसाच परत जातो: समोरच्याने जोरात टॉपस्पिन (बॉल पुढे फिरत जाईल असा फटका) मारला की त्याच्याकडे चॉपसारखा, उलट्या फिरकीचा बॉल पोहोचतो. माणसं चरफडली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बिनस्पिनचा, मेलेला बॉल द्यायला सुरुवात केली. पिंपलकडे परत द्यायला काही उरलंच नाही, माझा बॉल वर तरंगायचा आणि समोरून धाडकन. पिंपल लावायचा तर त्याच्या मागे डोकंही काकांचं हवं: कधी पुश (खालून हलकेच ढकलणं), कधी दाबायचं, कधी बॅट फिरवून गुळगुळीत बाजूने मारायचं. आणि खरं सांगायचं तर मला काउंटर, म्हणजे आलेला वेगवान बॉल तसाच वेगाने परतवायला, आवडतो. बॅकहँड-बॅकहँड टकाटक चालतं ना, तेवढ्यासाठी मी सव्वाआठला घाईने पोळ्या लाटून हॉलवर येते. ते सोडून जिंकायचं कशाला? बॅट धन्यवाद म्हणून परत केली. काका महिनाभर रुसले.

लेक म्हणाला, "आई, तू आधी बघ तरी की तू नक्की मारतेस काय." त्याने खिडकीत मोबाइल उभा करून माझ्या दोन मॅचेस शूट केल्या. रविवारी दुपारी मी वही घेऊन बसले आणि बॅकहँडचे फटके मोजले. एकूण 118. त्यातले 41 ब्लॉक, 38 पुश, 24 काउंटर, 6 फ्लिक (मनगटाचा झटका). आणि ज्याच्यासाठी मी ते महागडं रबर घेतलं होतं, तो सणसणीत बॅकहँड टॉपस्पिन? नऊ. त्यातले टेबलावर पडले दोन. यूट्यूबवर बघून डोक्यात जो बॅकहँड भरला होता तो माझ्या मॅचमध्ये नव्हताच.

वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आकडे बघितले आणि पहिल्यांदाच थेट नाव सांगितलं: यासाका रॅक्झा 7 सॉफ्ट, आणि मॅक्स नको, 1.8. स्पंज मऊ, म्हणून छोट्या स्विंगमध्येही बॉल आत रुततो. जाडी कमी, म्हणून ब्लॉक-पुशला लाकूड हाताला जाणवतं आणि बॉल भलतीकडे उडत नाही. वजनही उतरतं. काकांना नाव कळल्यावर त्यांचा रुसवा थोडा गेला, कारण त्यांच्या आयुष्यातलं पहिलं परदेशी रबर यासाकाचंच होतं, मार्क फाइव्ह. ते 1969 पासून विकलं जातंय. मला निळं हवं होतं. 2021च्या ऑक्टोबरपासून काळ्याच्या जोडीला लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा, निळा चालतो. दुकानात लालच होतं.

चिकटवायचं काम या वेळी मी घरीच केलं, कारण आधीच्या दोन्ही वेळी दुकानात घाईघाईत झालं होतं आणि एका बाजूला फुगा राहिला होता. जुलै महिना. पाण्याचा गोंद पांढरा दुधासारखा असतो आणि पारदर्शक झाला की वाळला म्हणायचा. पाकिटावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेलं. डोंबिवलीच्या जुलैत पस्तीस मिनिटं लागली, तीही पंख्याखाली. स्पंजवर दोन पातळ हात, लाकडावर एक. मग मुठीकडची कड आधी नीट जुळवायची आणि तिथून वर अलगद टेकवत जायचं, रबर अजिबात ताणायचं नाही. ताणलं तर नंतर आकसून कडा सुटतात. टेकवून झालं की पोळीचं लाटणं मुठीपासून टोकाकडे, हलक्या हाताने, हवा बाहेर निघेपर्यंत. (लाटणं नंतर धुतलं. विचारू नका.) वर दोन जाड शब्दकोश ठेवून तासभर दाब दिला. कापायला ब्लाउजची मोठी कात्री, आणि कात्री न थांबवता बॅट फिरवत जायची. मुठीच्या डाव्या बाजूला मी थांबले आणि तिथे एक दात पडला, तो अजून दिसतो.

काट्यावर बॅट 181 ग्रॅम भरली. बारा ग्रॅम कागदावर चिमूटभर वाटतात, पण मनगटाला दीड तासाने कळतात.

आता ब्लॉक जिथे हवा तिथे पडतो, निदान बऱ्याचदा. टकाटक लांबते, वीस-वीस फटके होतात. सर्व्हिस घेणं मात्र कठीण झालंय, कारण मऊ रबर समोरच्याचा साइडस्पिनही (आडवी फिरकी) प्रेमाने धरून ठेवतं आणि बॉल उडवतं. कडक चिनी रबराला हे इतकं लागत नव्हतं. सर म्हणतात, बॅट आणखी पुढे झुकवा आणि मनगट सैल सोडा. पावसाळी संध्याकाळी रबरावर दमटपणाचा थर चढतो तेव्हा तर काहीच खरं नाही, दर चार पॉइंटला पुसावं लागतं. परत आल्यावर ओल्या स्पंजने पुसून वर प्लॅस्टिकचा कागद लावते, म्हणजे धूळ बसत नाही.

ते मॅक्स स्पंजवालं महागडं रबर टाकवेना. लेकाच्या ब्लेडचा, म्हणजे बॅटच्या लाकडाचा, आकार जवळपास माझ्याच ब्लेडएवढा आहे, म्हणून त्याच्या फोरहँडला चिकटवून दिलं. त्याच्या हातात ते गातं. परवा तो त्याच रबराने टॉपस्पिन मारून मारून माझ्या नव्या रबरावर सराव करत होता. 11-4, 11-6.