एका बाटलीत दोन औषधं कशाला?

"सिस्टर, एका इंजेक्शनात दोन औषधं कशाला? आणि अर्धा तास कशाला लावता, पटकन देऊन टाका ना." वॉर्डात हे दोन्ही प्रश्न मला सारखे ऐकू येतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पिपरासिलिन-टाझोबॅक्टम या अँटिबायोटिकचंच घ्या. 4.5 ग्रॅमच्या व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, 4 ग्रॅम पिपरासिलिन असतं आणि अर्धा ग्रॅम टाझोबॅक्टम. पिपरासिलिन पेनिसिलिनच्या घराण्यातलं. ते जंतूला स्वतःभोवतीची भिंत बांधू देत नाही. पण काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम तयार करतात आणि ते औषधच तोडून टाकतं. असं एन्झाइम शास्त्रज्ञांना 1940 सालीच सापडलं होतं, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधी. टाझोबॅक्टम त्या एन्झाइमला अडकवून ठेवतं, म्हणजे पिपरासिलिनला आपलं काम करता येतं. काही एन्झाइम मात्र टाझोबॅक्टमलाही दाद देत नाहीत. म्हणून शक्यतो पहिल्या डोसआधीच कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे पाहण्यासाठी, रक्त घेतो, आणि रिपोर्ट आल्यावर डॉक्टर कधी औषध बदलतात. पहिलं चुकलं होतं असा त्याचा अर्थ लावू नका.

आता अर्धा तास. या औषधाचा परिणाम ते रक्तात पुरेशा प्रमाणात किती वेळ टिकतं यावर असतो. काही रुग्णांना तर आम्ही ते मुद्दाम चार तास चालवतो. नातेवाईक हळूच चाक फिरवून सलाईन फास्ट करतात तेव्हा मला खरंच काळजी वाटते. डोस सहा किंवा आठ तासांनी असतो तोही याचसाठी. रात्री दोनला उठवते, त्याचा राग धरू नका.

अॅलर्जीचं मी दोनदोनदा विचारते. एका काकांनी ठाम सांगितलं, "कशाचीच नाही." व्हायल हातात घेतली होती, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, लग्नाआधी पेनिसिलिननं तोंड सुजलं होतं ना तुमचं?" डोस थांबवला, डॉक्टरांना फोन केला. तेव्हापासून मी घरच्यांनाही विचारल्याशिवाय राहत नाही.

किडनीचा त्रास असेल तर डोस बदलावा लागतो. मेथोट्रेक्सेट (संधिवातावर किंवा कॅन्सरवर देतात ते औषध) चालू असेल तर तेही सांगा, कारण या औषधामुळे ते शरीरात साठू शकतं. सोबत व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक असेल तर क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीवर, आमचं जास्त लक्ष असतं. जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक मात्र याच बाटलीत कधीच मिसळत नाही, जेंटामायसिनचा जोर कमी होतो.

सलाईन चालू असताना खाज सुटली, अंगावर पुरळ उठलं, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास लागला, तर बेल वाजवा. "संपू दे, मग सांगू" असं करू नका. कॅन्युलाची, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीची, जागा दुखली तरी सांगा.

आणि घरी गेल्यावर, अगदी काही आठवड्यांनीसुद्धा, पाण्यासारखे जुलाब लागले तर ते थांबवायची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. डॉक्टरांकडे जा आणि हे इंजेक्शन झालं होतं, हे आधी सांगा.