चार्जर घरीच राहिला

आज बाबांची अँजिओग्राफी होती. फाइल, जुने रिपोर्ट, थर्मास, सगळं आठवणीनं घेतलं आणि चार्जर घरी विसरले. साडेदहाला फोन बंद. माझं बायबल त्यातच. (छापलेलं कपाटात आहे, नाताळच्या आधी धूळ पुसते.)

बाबांना आत नेलं. चादरीबाहेर त्यांचा हात, अंगठी काढलेल्या बोटावर पांढरा वळ. मी बाकावर बसले, तर प्रार्थनेला शब्दच सुचेनात. मग स्तोत्र १२१ आपोआप ओठांवर आलं, आठच्या आठ वचनं. आजी शनिवारी संध्याकाळी घोकून घ्यायची. चुकलं की लिमलेटची गोळी परत बरणीत. काय राग यायचा तेव्हा!

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या २५ व्या अध्यायातल्या त्या पाच शहाण्या कुमारी, दिव्यांसाठी कुपीत जास्तीचं तेल नेणाऱ्या आणि तेल संपत आलेल्या पाच मूर्ख कुमारींना ते न देणाऱ्या, मला लहानपणी कंजूष वाटायच्या. थोडं तेल दिलं असतं तर काय बिघडलं असतं? आज मला माझ्याच कुपीची काळजी वाटली. जे होतं ते आजीनं भरलेलं. मी त्यात अलीकडे काय घातलं?

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी त्यांचं बायबलच्या भाषांतराचं काम थांबलं नाही. तेवढं बळ माझ्यात नाही. भीती शेवटपर्यंत होतीच, हातही गार. पण त्या बाकावर मी एकटी नव्हते, एवढं खरं.

दोन ब्लॉकेज निघाले. गुरुवारी स्टेंट. बाहेर आल्यावर बाबांचा पहिला प्रश्न : "थर्मासात चहा उरलाय का गं?"

प्रार्थनेत आठवण ठेवा.