कुणीच राहत नाही म्हणे

"आत्या, तिथे कुणीच राहत नाही, मग नाव कशाला ठेवलं?"

भाची नकाशावर बोट ठेवून बसलेली. कॅनडाच्या पार उत्तरेला, डेव्हन बेट. जगातलं सगळ्यात मोठं निर्जन बेट, साधारण ५५,००० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या मराठवाड्याहून थोडंसंच लहान!

मग काय, मी सुरूच झाले. पूर्वेकडे बर्फाची जाड टोपी, बाकी बरंचसं उघडंबोडकं थंड वाळवंट. त्यात हॉटनचं विवर. आपलं लोणार जेमतेम पावणेदोन किलोमीटरचं, हे वीसेक किलोमीटरचं. मंगळासारखी जागा म्हणून शास्त्रज्ञ उन्हाळ्यात तिथे तंबू ठोकून सराव करतात.

तिचं लक्ष कुठे होतं? ती कस्तुरी बैलाच्या फोटोत अडकलेली. केस जवळजवळ खुरांपर्यंत लोंबणारे, शिंगं तर कपाळावर मधोमध भांग पाडून चापून बसवल्यासारखी. लांडगे आले की हे पळत नाहीत. पिल्लांना आत घेऊन कडं करतात, तोंडं बाहेर.

"म्हणजे हे राहतातच की."

मी म्हटलं, अगं, माणसं नाहीत. १९३४ मध्ये काही इनुइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं तिथे डंडस हार्बरला नेऊन वसवली होती, दोन वर्षांत हलवावी लागली.

"आणि बैलांना?"

ती झोपली कधीच. मी मात्र अजून 'निर्जन'ला दुसरा शब्द शोधतेय. सुचतोय का कुणाला?