सफरचंदाचा रस आणि डावीकडचे वळण

जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात प्राथमिक शाळा पहिली ते चौथी एवढीच असते. चौथीनंतर मुले वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत विभागली जातात, त्यामुळे नव्याने आलेल्या मराठी पालकांचे सारे लक्ष गुणांकडे आणि जर्मन भाषेकडे लागलेले असते. ते स्वाभाविकच आहे. तरीही या चार वर्षांत शाळेने माझ्या मुलीला जे दिले, त्यातला मोलाचा भाग कोणत्याही वहीत सापडणार नाही, आणि म्हणूनच तो सविस्तर लिहून ठेवावासा वाटला.

आम्ही श्टुटगार्टच्या वेशीवरच्या एका गावात राहतो. श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी-शहरे आहेत. शिवाय वाहन उद्योगामुळे पुणे-चाकणकडची मराठी कुटुंबे या भागात बरीच आहेत. गाव आणि जंगल यांच्या मधल्या उतारांवर उंच खोडाची जुनी फळझाडे दूरदूर उभी असतात आणि त्यांच्या खाली गवत वाढलेले असते. अशा बागांना येथे ‘श्ट्रॉयओब्स्ट’ म्हणतात. १९६५ मध्ये या राज्यात अशी सुमारे १ कोटी ८० लाख झाडे होती. २०२० च्या सुमारास जाहीर झालेल्या पाहणीत ती ७० लाखांच्या आसपास उरली. फळाला भाव नाही, छाटणी करणारे हात म्हातारे झाले आणि गावे उतारावर पसरत गेली, ही त्यामागची कारणे. २०२१ मध्ये या फळबागांच्या परंपरेचा जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

आपल्याकडच्या परिसर अभ्यासाशी मिळताजुळता एक विषय येथे पहिलीपासून असतो आणि तो बराचसा शाळेच्या भिंतींबाहेर शिकवला जातो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलीच्या वर्गाला अशाच एका बागेत नेले, तेव्हा मदतीसाठी पालक हवे होते म्हणून मीही गेले. बागेचे मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते आणि त्यांच्यासोबत मुलांना फळबागांची ओळख करून देण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या एक बाई होत्या. आमच्या वर्गशिक्षिका त्या दिवशी मुद्दाम मागे राहिल्या. बोलायचे ते या दोघांनीच. मुलांनी झाडाखाली पडलेली सफरचंदे गोळा केली. किडलेला भाग चालतो, पण कुजलेले फळ चालत नाही, आणि तो फरक वास घेऊन ओळखायचा, असे आजोबांनी एकदाच सांगितले. पुढे मुले प्रत्येक फळ नाकाशी धरूनच बादलीत टाकू लागली. गवतातल्या फळांत गांधीलमाशा असतात, म्हणून हात घालण्याआधी फळ पायाच्या टोकाने उलटायचे, हेही त्यांनीच दाखवले.

मग फळे पाण्याच्या टबात धुऊन, हाताने फिरवायच्या चक्कीत भरडली. चक्कीचा दांडा एकट्या मुलाला पेलत नाही, दोघांनी मिळून तो ओढावा लागतो. त्यामुळे एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या मुलांच्या जोड्याही आपोआप जमल्या. भरडा कापडात गुंडाळून लाकडी पट्ट्यांच्या पिंपासारख्या साच्यात ठेवला गेला आणि वरून लोखंडी स्क्रूचा दाब हळूहळू वाढवत नेला. पहिली धार फिकट, जवळजवळ हिरवट होती. पण बादली भरेपर्यंत हवा लागून रस तपकिरी झाला. ‘खराब झाला का?’ असे एकाने विचारले. आजोबांनी उत्तर न देता कापलेले सफरचंद त्याच्या हातात ठेवले आणि थोडा वेळ पाहत राहायला सांगितले. प्रयोगवहीत नेमके हेच एका ओळीत लिहायला लागते. पण ते मूल कितीतरी वेळ त्या फोडीकडे पाहत बसले होते.

उरलेला चोथा जवळच्या शेतकऱ्याकडे जनावरांसाठी गेला. रसाचा काही भाग मुलांनी तिथेच प्यायला आणि बाकीचा गरम करून बाटल्यांत भरला; त्या बाटल्या नंतर शाळेच्या जत्रेत विकल्या गेल्या, त्या पैशांतून शाळेच्या आवारात एक नवे झाड लागले. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: मुलांनी केलेले काम खरे होते. तो रस कोणीतरी पिणार होता, कोणीतरी त्याचे पैसे देणार होता. मी शाळेत असताना आमच्या वेळापत्रकातही ‘कार्यानुभव’ होता, पण त्यातल्या वस्तू गुण देऊन झाल्या की कपाटात जात, आणि त्यातल्या कितीतरी आयांनी केलेल्या असत. त्या विषयामागची कल्पना मात्र थोर होती. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा जो विचार मांडला, किंवा कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, माती घेऊन जे उभे केले, त्यात हाच खरेपणा होता. जर्मनीतही म्युनिकचे शिक्षणाधिकारी गेओर्ग केर्शेनश्टाइनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळांत कार्यशाळा, स्वयंपाकघरे आणि बागा आणल्या त्या याच विचाराने.

नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवसाची कंदिलांची मिरवणूक निघते. कागदी कंदील मुले वर्गात स्वतः करतात, गावाचे स्वयंसेवी अग्निशामक दल रस्ता अडवून धरते, आणि शेवटी गोड पाव दोघांत मोडून खाल्ला जातो. भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणाऱ्या या संताची गोष्ट वेगवेगळ्या धर्मांची मुले सारख्याच उत्साहाने ऐकतात.

चौथीतला सायकल-परवाना हा मात्र या साऱ्या उपक्रमांचा कळस म्हणावा असा आहे. येथील वाहतूक नियमांनुसार आठ वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलांनी सायकल पदपथावर किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरच चालवली पाहिजे. दहा पूर्ण होईपर्यंत पदपथावर चालवण्याची मुभा असते. त्यानंतर मात्र मोठ्यांसारखे सायकलमार्गावर किंवा रस्त्यावर उतरावे लागते. म्हणजे मूल रस्त्यावर येण्याच्या नेमके आधी त्याला तयार करायचे, असा हा हिशेब आहे, आणि हे काम शाळा आणि पोलीस मिळून करतात. वर्गात चिन्हे आणि प्राधान्याचे नियम शिकवून लेखी परीक्षा होते. नंतर पोलिसांच्या सराव-मैदानावर, जिथे छोटे रस्ते, पट्टे आणि सिग्नल असतात, प्रत्यक्ष सायकल चालवावी लागते. त्यापूर्वी प्रत्येक सायकलचे ब्रेक, दिवे, घंटी आणि परावर्तक तपासले जातात. एक जरी नसले तरी ती सायकल बाजूला ठेवतात.

येथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणून डावीकडे वळणे सर्वांत अवघड. डाव्या खांद्यावरून मागे वळून पाहायचे, डावा हात सरळ बाहेर काढायचा, रस्त्याच्या मध्याकडे सरकायचे, समोरून येणाऱ्यांना जाऊ द्यायचे, पुन्हा एकदा मागे पाहायचे, दोन्ही हात हँडलवर आणून मोठ्या वळणाने जायचे आणि रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांसाठी थांबायचे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हे सारे काही सेकंदांत, तोल सांभाळून करायचे असते. शेवटी हीच मुले पोलिसांच्या देखरेखीखाली गावातल्या खऱ्या रस्त्यावर जातात. आमच्या गावात त्या दिवशी चौकाचौकांत पालक उभे होते. कोणी मुलाला सूचना द्यायची नाही, फक्त पाहायचे, असे आम्हाला आधीच बजावले होते. माझी मुलगी माझ्यासमोरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, कारण ती मागच्या मोटारीकडे पाहत होती. तिला मी सायकल चालवायला शिकवले होते. रस्ता वापरायला तिला गावाने शिकवले.

महाराष्ट्रातून मुलांना घेऊन या भागात येणाऱ्या पालकांना माझी एक विनंती आहे. सोसायटीच्या आवारात सायकल चालवणारे मूल तोल उत्तम सांभाळते, परंतु एका हाताने सायकल चालवण्याची आणि चालत्या सायकलवरून मागे पाहण्याची सवय त्याला सहसा नसते, आणि चौथीच्या परीक्षेत अडखळायला होते ते बहुधा तिथेच. रविवारी सुपरमार्केटे बंद असल्यामुळे त्यांची वाहनतळे रिकामी असतात. तिसरीच्या उन्हाळ्यापासून तिथे सराव करून घ्यावा. आणि शाळेतून मदतीसाठी पालक हवे असल्याची चिठ्ठी आली, तर जर्मन मोडके-तोडके असले तरी नाव अवश्य द्यावे. चक्कीचा दांडा धरायला किंवा चौकात उभे राहायला व्याकरण लागत नाही, आणि गावातल्या लोकांशी आमची खरी ओळख अशाच दिवशी झाली.