पर्समधला कागद

माझी मैत्रीण कोर्टाचा संरक्षण आदेश, म्हणजे त्रास देणाऱ्या माणसाने तिच्या जवळ येऊ नये असा हुकूम, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवायची. सारखा उघडून वाचल्यामुळे घडीवरच्या ओळी पुसट झाल्या होत्या. "हा दाखवला की तो मागे फिरेल ना?" असं तिने विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

त्या काळात मी कॅसल रॉक या गावातलं प्रकरण वाचलं. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात जेसिका गोन्झालेस यांच्याकडे नवऱ्याविरुद्ध असाच आदेश होता, मुलींनाही संरक्षण देणारा. जून १९९९ मध्ये तो तिन्ही मुलींना घेऊन गेला. जेसिका संध्याकाळपासून पोलिसांना फोन करत होत्या, मध्यरात्रीनंतर स्वतः ठाण्यात जाऊन आल्या. पहाटे तो गोळीबार करत ठाण्यासमोर आला आणि मारला गेला. मुलींचे मृतदेह त्याच्या गाडीत सापडले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी म्हटलं की, आदेशाची अंमलबजावणी व्हावी असा घटनात्मक हक्क त्यांना नव्हता. हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

फ्लोरिडात, ज्याच्याविरुद्ध असा आदेश आहे त्या माणसानेच आदेश मिळवणाऱ्या व्यक्तीचा खून केला, तर शिक्षा ठरवताना ती बाब गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणारी धरतात. मला हे अगदी योग्य वाटतं. त्याला न्यायाधीशाने बजावलेलं असतं, तरी तो येतो. हा रागाच्या भरातला खून कसा म्हणायचा? पण पहिल्यांदा आदेश मोडला त्याच दिवशी अटक व्हायला हवी, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

मैत्रीण आता दुसऱ्या शहरात राहते. कागद अजून पर्समध्येच आहे.